टोल्यांचीं प्रवासी घड्याळें व त्यांचे कर्ते

मराठींत आपण वेळ विचारतों ती ‘किती वाजले?’ अशी. या प्रश्नांत डोळ्यांचा कोठेंहि संबंध नाहीं. सारा व्यवहार कानांचा आहे. ‘तास’ हा शब्दहि असाच. ज्या धातूच्या थाळीवर पहारेकरी वेळेचे टोले देत ती थाळी म्हणजे तास. पुढें कालमानालाहि तेंच नांव पडलें. युरोपांत प्रकार निराळा नाहीं. इंग्रजींतील ‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील घंटावाचक शब्दाचा भाऊबंद आहे, आणि फ्रेंच भाषेंत ‘क्लोश’ म्हणजे अजूनहि घंटाच. मठांतल्या व मनोऱ्यांवरच्या कित्येक जुन्या यंत्रांना तबकडी नव्हतीच; तीं केवळ टोले देत. घड्याळाला काटे फुटण्यापूर्वीं कंठ फुटला होता असें म्हटलें तरी चालेल.

हें सांगण्याचें कारण असें कीं, एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें तयार झालेल्या ज्या प्रवासी घड्याळांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांच्याकडे आज बहुतेक लोक शोभेची वस्तु म्हणूनच पाहतात. वीतभरहि उंच नसलेली पितळी पेटी, चारी बाजूंना कडा तासलेली जाड कांच, वर धरावयाची कडी, आंत पांढरी मिन्याची तबकडी व निळे काटे, आणि माथ्यावरच्या कांचेंतून दिसणारें, सतत डोलणारें एक चिमुकलें चाक. कपाटांत ठेवलें तर हें घड्याळ खरोखरच शोभतें. परंतु परक्या गांवीं, अंधाऱ्या खोलींत, दिवा न लावतां धन्याला वेळ सांगावी, हें त्याचें मूळ काम. आणि तें काम त्यानें कसें केलें हें पाहिल्यावांचून त्याच्या कर्त्यांची योग्यता कळावयाची नाहीं.

इंग्रज त्याला ‘कॅरिज क्लॉक’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘पांद्युल द व्वायाज’ म्हणतात. फ्रेंच नांवांत एक गंमत आहे. ‘पांद्युल’ हा शब्द लंबकावरून निघालेला, आणि या घड्याळांत नेमका लंबकच नाहीं! हॉलंडच्या ह्यूगेन्सनें १६५६ सालीं घड्याळाला लंबक लावला आणि घरगुती घड्याळ विश्वासाला पात्र झालें. पण त्याच वेळीं तें भिंतीला किंवा टेबलाला जखडलेंहि गेलें. लंबकाचें घड्याळ हलवलें, किंचित् तिरकें ठेवलें, कीं त्याची चाल बिघडते. पुढें १६७५ मध्यें ह्यूगेन्सनेंच डोलचाकाला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडून खिशांतल्या घड्याळाला शिस्त लावली. खिशांतल्या घड्याळाची चाल आणि टेबलावरच्या घड्याळाचा आवाज, या दोघांचा संसार एका पेटींत थाटून द्यावयाचा, एवढेंच प्रवासी घड्याळाचें कोडें होतें. एवढेंच म्हटलें खरें. तें सुटण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

तें सोडविण्याचें श्रेय सामान्यतः अब्राहम-लुई ब्रेगे याला देतात, आणि तें बऱ्याच अंशीं योग्य आहे. ब्रेगे जन्मानें फ्रेंच नव्हे. १७४७ सालीं तो न्यूशातेल येथें जन्मला. हा प्रांत आज स्वित्झर्लंडमध्यें असला तरी त्या वेळीं प्रशियाच्या राजाच्या मालकीचा होता. पॅरिसमध्यें सेन नदीच्या बेटावर, ‘घड्याळाचा घाट’ अशाच अर्थाचें नांव असलेल्या रस्त्यावर, त्यानें १७७५ सालीं आपलें दुकान मांडलें. राज्यक्रांतीच्या ऐन वणव्यांत, १७९३ मध्यें, त्याला शहर सोडावें लागलें, व १७९५ मध्यें तो परत आला. त्याच्या विक्रीच्या वह्या जपून राहिल्या आहेत. इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वीं, एप्रिल १७९८ मध्यें, जनरल बोनापार्टनें त्याच्याकडून दोन खिशांतलीं घड्याळें व तारीख दाखविणारें एक टोल्यांचें प्रवासी घड्याळ विकत घेतल्याचें त्यांवरून कळतें. या तिसऱ्या वस्तूचा क्रमांक १७८. नेपोलियनच्या तंबूंत वाजलेलें हें घड्याळ म्हणजे आपल्या विषयाचा मूळ पुरुष होय.

मात्र मूळ पुरुष आणि घराण्याचा विस्तार करणारा पुरुष हे एकच असतील असा नेम नाहीं. ब्रेगेचीं प्रवासी घड्याळें मोजकीं, आणि तीं राजे, सेनापति व सावकार यांच्यासाठीं. वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या घरीं तें नेलें तें पॉल गार्निए यानें. एपिनाल येथें १८०१ मध्यें जन्मलेला व प्रसिद्ध आंतिद जांव्हिए याच्या हाताखालीं शिकलेला हा गृहस्थ १८३० च्या सुमारास साध्या पितळी पेटींतलीं, एकसारख्या घडणीचीं, आपल्याच पेटंटच्या एस्केपमेंटवर चालणारीं घड्याळें मालिकेनें काढूं लागला. (चाकांची धांव एकेक दांत्यानें अडवून सोडणारी जी रचना तिला एस्केपमेंट म्हणतात.) एका वस्तूवर वर्ष खर्च करण्याऐवजीं एका आराखड्याच्या अनेक वस्तु काढावयाच्या, ही त्याची दृष्टि. कलेचे भक्त यावर नाक मुरडतात. आम्हांस मात्र गार्निएचें हें धैर्य ब्रेगेच्या बुद्धीइतकेंच मोलाचें वाटतें.

याच गार्निएच्या कारखान्यानें पुढें फ्रान्सच्या आगगाड्यांच्या स्टेशनांना घड्याळें पुरविलीं, हा योगायोग नव्हे. पॅरिसहून सें-जेर्मेंला पहिली उतारूंची गाडी १८३७ मध्यें सुटली, आणि तेव्हांपासून मिनिटांना किंमत आली. सर्व देशाला पॅरिसची वेळ कायद्यानें लागू होण्यास १८९१ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत गांवोगांवची वेळ निराळी. त्यांतहि स्टेशनाच्या बाहेरच्या घड्याळापेक्षां आंतलें घड्याळ मुद्दाम पांच मिनिटें मागें ठेवीत, कीं धांवत येणाऱ्या उतारूला गाडी मिळावी! ही उदार प्रथा १९११ पर्यंत चालली. अशा देशांत प्रवाशाला आपली वेळ आपल्याबरोबर नेण्याची इच्छा व्हावी यांत नवल काय? चामड्याच्या पेटींत घड्याळ बसवावयाचें, पुढची चामडी पट्टी वर सरकवली कीं तबकडी दिसावी, आणि किल्लीला आंतच एक खांच असावी, अशी सोय कारागिरांनीं करून दिली.

आतां टोल्यांकडे वळूं. घड्याळानें किती टोले द्यावयाचे हें यंत्राला कळावें कसें, याला दोन उत्तरें आहेत. जुनें उत्तर खांचांच्या चाकाचें. या चाकाच्या कडेवर वाढत्या अंतरानें खांचा पाडलेल्या असतात. एक टोला झाला कीं अडणी पहिल्या खांचेंत पडते, पुढच्या वेळीं दोन टोल्यांनंतर दुसऱ्या खांचेंत, असा क्रम चालतो. रचना साधी व दणकट आहे, पण आंधळी आहे. हें चाक काट्यांकडे पाहत नाहीं. मागच्या वेळीं किती वाजविले एवढेंच त्याला ठाऊक. टोले पुरे होऊं न देतां कोणीं काटे पुढें सरकवले, किंवा टोल्यांची कमान आधीं उतरली, तर तबकडी चार दाखविते आणि घंटा तीन वाजविते. आपल्याकडील जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचा हा आजार पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल.

दुसरें उत्तर १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मोपदेशकानें काढलें. त्यांत तासाच्या काट्याशीं जोडलेली एक बारा पायऱ्यांची चकती असते. तिचा आकार शिंपल्याच्या वेटोळ्यासारखा, म्हणून घड्याळजी तिला गोगलगाय म्हणतात. टोल्यांची वेळ झाली कीं एक दांत्यांची पट्टी सुटून या गोगलगाईवर पडते. एकाची पायरी उंच, तेथें पट्टी एक दांताच खालीं जाते. बाराची पायरी सर्वांत खोल, तेथें बारा दांते. मग एक लहानशी बोटाएवढी कळ एकेक दांता वर उचलते, आणि प्रत्येक दांत्याला हातोडीचा एक टोला पडतो. येथें यंत्र भूतकाळावर विसंबून नाहीं. दर वेळीं तें काट्याला नव्यानें विचारून मग बोलतें. म्हणूनच त्याला पुन्हां विचारतांहि येतें. प्रवासी घड्याळाच्या माथ्यावर पुढच्या बाजूला जें बारीक बटन असतें तें यासाठीं. रात्रीं जाग आली कीं हात लांब करून बटन दाबावें, आणि घड्याळानें गेल्या तासाचे टोले पुन्हां द्यावे. विजेचे दिवे घरोघर येण्यापूर्वीं या बटनाची किंमत काय असेल, हें ज्यानें अंधारांत आगपेटी चाचपली आहे त्यालाच कळेल.

सुरुवातीच्या घड्याळांत खांचांचें चाक व वाटीसारखी घंटा आढळते. शतक पुढें सरकलें तशी दांत्यांची पट्टी आणि पोलादी तारेचें वेटोळें यांनीं त्यांची जागा घेतली. तारेचा आवाज घंटेपेक्षां मृदु. शेजारच्या खोलींतल्या माणसाची झोंप त्यानें मोडत नाहीं. सर्वांत थोर मानलीं जात तीं ‘ग्रांद सोनरी’ जातीचीं घड्याळें. त्यांत दोन निराळ्या सुरांचीं वेटोळीं असतात. दर पाव तासाला जोडीजोडीनें ठोके पडतात, आणि त्याबरोबर तासाचे टोलेहि दर खेपेस पुन्हां होतात. म्हणजे पावणेबारा वाजतांना तीन जोड्या, व शिवाय अकरा. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साधें घड्याळ तासांचे व अर्ध्या तासांचे मिळून दिवसाला १८० टोले देतें. ग्रांद सोनरीला तासांचेच ६२४, आणि पूर्ण तासाला जोड-ठोके नाहींत असें धरलें तरी पाव तासांचे २८८, मिळून ९१२ टोले द्यावे लागतात. आठ दिवसांच्या एका किल्लींत ७२९६! एवढें बळ एका कमानींत सांठवावयाचें म्हणून टोल्यांच्या कमानीची डबी चालीच्या डबीहून मोठी करावी लागे. सुदैवानें पेटीच्या तळाशीं एक कळहि ठेवलेली असे. ती एका बाजूला केली म्हणजे पूर्ण वाजंत्री, दुसऱ्या बाजूला केली म्हणजे बेताची, आणि मध्यें ठेवली म्हणजे मौन. संसारी माणसें बहुधा मध्येंच ठेवीत असावींत.

हें सर्व कोण करीत होतें? तबकडीवर विश्वास ठेवला तर उत्तर सोपें आहे. तेथें पॅरिसच्या पाले-रोयालमधील ल-रुआ आणि पुत्र यांचें नांव असेल, लंडनच्या डेंटचें किंवा बेन्सनचें असेल, न्यूयॉर्कच्या टिफनीचें असेल, क्वचित् कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही यांचेंहि असेल. परंतु हीं बहुतेक नांवें विकणाराचीं. दुकानदार आपलें नांव तबकडीवर लिहून मागे, आणि कारखानदार तें मुकाट्यानें लिहून देई. कारण या घड्याळांचा मोठा गिऱ्हाईक इंग्लंड हा देश होता, आणि इंग्रज गिऱ्हाइकाला ओळखीच्या इंग्रज दुकानाचें नांव वाचून धीर येई. इंग्लंडांतहि प्रवासी घड्याळें होत असत, आणि फार उत्तम होत. पण साखळी व शंकूच्या रचनेचीं तीं अवजड घड्याळें थोड्यांनाच परवडत.

खऱ्या कर्त्यांचा शोध करीत गेलें तर पॅरिस सोडून नॉर्मंडींत, द्येप बंदराजवळ, सें-निकोला-दालियेरमाँ या लांबट खेड्यांत जावें लागतें. अठराव्या शतकापासून तेथें घड्याळांचें काम चाले. तें मोडकळीस आलें असतां १८०७ सालीं ओनोरे पॉन्स हा पॅरिसचा घड्याळजी तेथें गेला, आणि चाकें व दांते कापण्याचीं यंत्रें बसवून त्यानें त्या धंद्याला नवा जीव दिला. पुढें प्रवासी घड्याळांचीं कच्चीं यंत्रें मुख्यतः याच गांवांत होऊं लागलीं. अशा यंत्राला ‘ब्लां रूलां’ म्हणत: चाकें फिरतात, पण घासणें, जुळविणें, उजळणें सारें बाकी. कांहीं कच्चें काम पूर्व सीमेवरच्या बोकूर येथील जापी बंधूंच्या कारखान्यांतूनहि येई. माथ्यावर दिसणारें एस्केपमेंट तिसऱ्याच मुलुखांतलें, स्वित्झर्लंडलगतच्या डोंगराळ प्रांतांतलें; सेंत-सुझान येथील लेपे यांच्या कारखान्याची त्याविषयीं ख्याति होती. हे सर्व तुकडे पॅरिसला येत. तेथें ते एकत्र बसवून, चाल साधून, पेटी चढवून, आवाज जुळवून घड्याळ पुरें होई.

आणि मुलामा? त्याची कथा जरा कटु आहे. जुन्या पद्धतींत सोनें पाऱ्यांत कालवून तें पितळेवर फांसत व विस्तवावर धरीत. पारा उडून जाई व सोनें चिकटून राही. उडालेला पारा मुलामा देणाराच्या फुप्फुसांत जाई. हात कांपणें, दांत पडणें, अकालीं मरण येणें, हे या धंद्याचे ठरलेले भोग. राव्हरियो नांवाचा पॅरिसचा एक ओतारी १८१४ सालीं वारला; या कामगारांना वांचविण्याचा उपाय जो काढील त्याला बक्षीस म्हणून तो ३००० फ्रँक ठेवून गेला. विज्ञान अकादमीनें तें १८१८ मध्यें दार्से या रसायनशास्त्रज्ञाला दिलें. त्यानें धूर वर ओढून नेणाऱ्या धुराड्याची भट्टी सुचविली होती. १८४० नंतर विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याची रीत पसरली तेव्हां हें संकट हळूहळू ओसरलें. जुन्या घड्याळांच्या सोनेरी कांतीचें आज मोठें कौतुक होतें. ती कांति कोणत्या भट्टीवर चढली याचा विचार तें कौतुक करतांना सहसा कोणी करीत नाहीं.

पॅरिसमधील ज्या मोजक्या घरांनीं आपली खूण घड्याळाच्या मागच्या पत्र्यावर उमटविली त्यांचीं नांवें मात्र अभ्यासकांना परिचित आहेत. आंरी जाको हा त्यांतला बहुधा सर्वांत कसबी. तोहि मूळचा स्विस. त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांबरोबर एक पोपट असतो. फ्रेंच घरांत पोपटाला ‘जाको’ म्हणून हाक मारतात, आपण ‘मिठू’ म्हणतों तशी; तेव्हां ही खूण म्हणजे स्वतःच्या नांवावर केलेली कोटीच. जाको १८६८ मध्यें वारला व पुतण्यानें दुकान चालविलें. द्रोकूर पितापुत्रांच्या खुणेंत दोन अक्षरांमध्यें एक चिमुकलें प्रवासी घड्याळ आहे. यांचें एक विशेष हें कीं, सें-निकोला येथेंहि त्यांचा स्वतःचा कारखाना होता, म्हणजे कच्चें व पक्कें दोन्हीं काम एका घरांत. मार्गेनची खूण मधाचें पोळें. चिनी मातीच्या चित्रित फळ्या, मिन्याचें काम, खांबांच्या कमानी अशा नाना पेट्यांचा षोक यांच्या काळीं वाढला, आणि पेटीच्या नक्षीपुढें यंत्राकडे पाहणें मागें पडूं लागलें. त्या नक्षींत आम्हांस फारसा रस नाहीं.

जाकोसारख्या माणसाची बाजू येथें न्यायानें मांडली पाहिजे. सें-निकोलाचें एकच कच्चें यंत्र दोन हातांत दिलें तर एका हातून महिन्याला मिनिट चुकणारें घड्याळ बाहेर पडे, दुसऱ्या हातून दिवसाला चुकणारें. दांता किती घासावा, हातोडी तारेपासून किती दूर असावी, हें यंत्र सांगत नाहीं. त्यामुळें ‘आम्हीच कर्ते’ असें पॅरिसकर म्हणत तें निव्वळ बढाई नव्हे. पण मग त्यांनीं आपल्या घड्याळांवर लंडनचीं नांवें लिहूं दिलीं तेव्हां तोच न्याय स्वतःस कां लावला नाहीं? पैसा हें त्याचें उत्तर. खेड्यांतल्या माणसाचें नांव पॅरिसनें गिळलें, आणि पॅरिसचें लंडननें.

यावर सरकारी उपाय झाला तो वेगळ्याच हेतूनें. परक्या मालाला आळा घालावा म्हणून १८८७ मध्यें इंग्लंडनें मालाच्या खुणांविषयीं कायदा केला, आणि १८९० च्या जकात कायद्यानें अमेरिकेनें मालावर देशाचें नांव घालणें सक्तीचें केलें. त्यानंतरच्या कित्येक घड्याळांच्या पाठीवर ‘फ्रान्समध्यें केलेलें’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले दिसतात. देश कळला, माणूस कळला नाहीं. या अनाम यंत्रांची वर्गवारी करून, खुणा व क्रमांक जुळवून, सें-निकोलाच्या कारागिरांना इतिहासांत जागा देण्याचें काम चार्ल्स ॲलिक्स या इंग्रज अभ्यासकाच्या १९७४ सालच्या ग्रंथानें प्रथम नेटानें केलें. तोंपर्यंत लिलांवांच्या याद्यांत दुकानदारच कर्ता म्हणून मिरवत होता.

१९१४ च्या महायुद्धानें या धंद्याचा कणा मोडला. सैनिकांनीं मनगटावर घड्याळ बांधलें, घरांत विजेचे दिवे आले, आणि रात्रीं बटन दाबून वेळ ऐकण्याची गरज उरली नाहीं. जाकोचें घर १९२० च्या सुमारास मिटलें. सें-निकोला येथील द्युव्हेरद्रे व ब्लोकेल यांचा कारखाना गजराच्या घड्याळांवर तगला. ‘बेयार’ या नांवानें तीं फ्रान्समध्यें घरोघर पोंचलीं. पण १९८९ मध्यें तोहि बंद पडला. आज त्या गांवांत घड्याळांचें संग्रहालय आहे. लेपे यांचें नांव मात्र स्वित्झर्लंडमध्यें अजून चालू आहे.

ज्यांच्या हातीं असें एखादें घड्याळ येईल त्यांनीं तबकडी वाचून झाल्यावर मागचें दार उघडावें. पत्र्यावर क्रमांक असेल, कदाचित् पोपट किंवा पोळें असेल, बहुधा कांहींच नसेल. दुरुस्तीसाठीं तें कोणीं खोललें तर पत्र्याच्या आंतल्या अंगाकडे भिंगांतून पाहण्यास सांगावें. तेथें पुष्कळदां सुईच्या टोंकानें ओरखडलेलीं बारीक अक्षरें सांपडतात: एखादें आडनांव, एखादा महिना, एखादें साल. कधींकाळीं तें साफ करून पुन्हां चालतें केलेल्या गांवोगांवच्या घड्याळज्यांनीं, पुढें तें खोलणाऱ्या दुसऱ्या घड्याळजीसाठीं लिहून ठेवलेल्या त्या नोंदी आहेत.